बिनडोक्याची मूर्ती

'पॉलिमर क्ले' ही माती नव्हेच! नावात माती, पोटात पीव्हीसी. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीवाल्या केटे क्रूझेबाईंची लेक फिफी हिने ती कालवली, १९६४ साली कृती एबरहार्ड फाबर कंपनीला विकली आणि पुढे तिचे 'फिमो' झाले. ११० अंशांवर अर्धा तास भाजायची. म्हणजे नानकटाईच की!

आमच्या सापगावात, भातसेकाठी खऱ्या मातीला काय तोटा? पण नातीचा हट्ट, आजोबा, बोटभर मावळा याचाच हवा. म्हणून या वयात शिकतोय. मावळ्याचे डोके मात्र धडावर टिकेल तर शपथ!

शेवटी इनामगाव मदतीला धावले. तिथल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती निघाली. तिलाही डोके नाही! तरी कुणीतरी ती मातीच्या डबीत, झाकण लावून, जपून ठेवली होती. नातीला म्हटले, बघ, जपणारा डोके मोजत नाही.