खिळ्यांपासून दुर्बिणीपर्यंत

नारायण पेठेतील केसरीवाड्याविषयी लिहिताना राजकारण इतके पुढे येते, की देवनागरी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी लोकमान्यांनी केलेली खटपट तळटीपेत जाते. प्रस्तुत विषयाला मात्र तीच उपयोगी आहे. शिळाछापाचा मजकूर बदलायचा तर दगड घासून पुन्हा लिहावे लागे. खिळे मात्र छपाईनंतर सोडवून खणांत टाकता येत आणि त्यांतूनच उद्याचा मजकूर जुळे.

इलेक्ट्रॉनिकीत ही सोय फार उशिरा आली. १९७५ साली सिग्नेटिक्सने 'आणि' व 'किंवा' या द्वारांची जाळी बाजारात आणली. तिच्यातले नको असलेले जोड फ्यूज जाळून तोडायचे. १९७८ मधले मोनोलिथिक मेमरीजचे 'पॅल' अधिक सुटसुटीत होते. पण जळालेला फ्यूज पुन्हा सांधत नाही. म्हणजे हाही दगडच, फक्त कोरा विकत मिळणारा! १९८४ मध्ये आल्टेराने अतिनील प्रकाशात पुसता येणारी चिप आणली आणि पुढच्याच वर्षी झायलिंक्सचा ६४ ठोकळ्यांचा एफपीजीए आला. त्याच्या पोटात द्वारांऐवजी छोटी कोष्टके असतात. चार आदाने म्हणजे सोळा शक्यता. प्रत्येकीचे उत्तर शून्य की एक, ते सोळा स्मृतिकोशांत लिहायचे. कोष्टक बदलले की बेरजेला मदत करणारा ठोकळा तुलना करू लागतो. वीज गेली की सगळे पुसले जाते, पण पुन्हा भरायला क्षणही पुरतो.

नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. दर दोघींचे संकेत गुणायचे, म्हणजे ४३५ जोड्या. मूळच्या यंत्रणेत हे काम अमेरिकेतील रेडिओ वेधशाळेसाठी घडवलेल्या कायम साच्याच्या चिपा करीत आणि पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा होता. थोड्याशा नगांसाठी स्वतःची चिप पाडून घेणे फार महाग पडते. म्हणून दुसऱ्याच्या साच्यात बसावे लागते. अद्ययावत जीएमआरटीत पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. तबकड्या त्याच राहिल्या, ग्राहक यंत्रणा बदलली आणि अंकांत उतरलेले संकेत पुड्या बांधून संगणकांकडे धाडण्याचे काम एफपीजीएंकडे आले. गुणाकार आता ग्राफिक्स प्रक्रियक करतात. या एफपीजीए-पट्ट्यांचा आराखडा कॅस्पर या खगोलशास्त्रीय गटाचा, सर्वांना खुला.

मराठी नियतकालिकांत जीएमआरटीचे छायाचित्र म्हणजे शेतांमधली तबकडी. या पट्ट्यांचे छायाचित्र क्वचितच छापले जाते.