कृषी हेलिकॉप्टर व विद्युत् तारा
पिकांवर कीटकनाशक फवारण्यासाठी जमिनीलगत उडणारे हेलिकॉप्टर वीजवाहिनीला किंवा दूरध्वनीच्या तारेला धडकणे, हा कृषी उड्डाणातील एक प्रमुख धोका होय. हवाई फवारणी व ग्रामीण विद्युतीकरण या दोन्ही सुधारणा एकाच शेतात आल्यामुळे तो निर्माण झाला.

विमानातून कीटकनाशकाची पहिली धुरळणी ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायओ राज्यात, ट्रॉय गावाजवळील कॅटाल्पा वृक्षांवर करण्यात आली. ‘बेल ४७’ या हेलिकॉप्टरला १९४६ मध्ये नागरी वापराची मान्यता मिळाली व लवकरच ते शेतीसाठी वापरात आले. लहान शेतावर सावकाश उडता येणे आणि पात्यांखालील हवेच्या झोताने औषध पानांच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचणे, हे त्याचे विशेष गुण होत. मात्र त्यासाठी पिकापासून काही मीटर उंचीवरच उडावे लागते आणि तारांची उंचीही तेवढीच असते.

महाराष्ट्रात १९६० साली राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यावर कृषिपंपांसाठी वाहिन्यांचे जाळे विस्तारले. सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेयेस, कर्नाटकाच्या सीमेवर असलेल्या अक्कलकोट तालुक्यासारखा ज्वारी-तुरीचा सपाट मुलूख वरून मोकळा भासतो. परंतु विहिरींकडे जाणाऱ्या वाहिन्यांच्या शाखा अशा शिवारांत बांधांवरून व पिकांवरून गेलेल्या असतात.

तार बारीक असते आणि जुनी झाल्यावर तिचा रंग पार्श्वभूमीत मिसळतो. तिचे अंतर डोळ्यांना अजमावता येत नाही. समोर सूर्य असल्यास किंवा काचेवर औषधाचे तुषार साचल्यास ती मुळीच दिसत नाही. तथापि आधी पाहिलेल्या तारेलाही वैमानिक धडकल्याची अनेक उदाहरणे आहेत; फवारणीच्या फेऱ्यांत लक्ष पिकाकडे, वाऱ्याकडे व वळणाकडे गुंतते आणि तारेचे विस्मरण होते.

हा धोका शेतीपुरता मर्यादित नाही. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली येऊन विजेच्या तारांत अडकले व वस्तीजवळ कोसळले. आतील सर्वजण बचावले.

प्रतिबंधक उपायांत कॅनडातील ब्रिस्टल एअरोस्पेस कंपनीने विकसित केलेले तारकर्तक महत्त्वाचे आहेत. हेलिकॉप्टरच्या वर व खाली बसविलेली ही धारदार साधने समोरून आलेली तार कापतात. परंतु त्यासाठी पुरेसा वेग लागतो आणि शेपटाच्या पंख्याला त्यांचे संरक्षण मिळत नाही. मोठ्या वाहिन्यांवर ठळक रंगाचे गोल लावतात; शेतातील लहान वाहिन्यांवर ते सहसा नसतात. म्हणून कामापूर्वी उंचावरून शेताची पाहणी करणे, शेतकऱ्याकडून वाहिन्यांची माहिती घेणे आणि वाहिनी खांबाच्या माथ्यावरून ओलांडणे, हेच मुख्य उपाय ठरतात. तार दिसत नसली, तरी खांब तिची दिशा सांगतो.

२०२० च्या टोळधाडीत राजस्थानात हेलिकॉप्टरबरोबर ड्रोनही वापरले गेले. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर फवारणीसाठी ड्रोनचा प्रसार वाढला. ड्रोनमध्ये वैमानिक नसल्याने त्याच्या जीविताचा धोका टळतो. परंतु धडकेने तुटून पडलेली जिवंत तार शेतात काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे तारांची आगाऊ पाहणी आजही तितकीच आवश्यक आहे.