मिलमध्ये बल्ब लागला तेव्हा

कामतघरला आमच्या घरामागे लूमचा कारखाना आहे. लहानपणी लोडशेडिंग असायचं. लाइट गेली की खटखट एकदम थांबायची आणि आतले लोक बाहेर यायचे. कुणी बिडी पेटवायचं, कुणी नळाखाली बसायचं, कुणी वऱ्हाळा तलावाकडे चक्कर मारून यायचं. मजुरी मीटरवर, म्हणजे लाइट गेली की कमाईही बंद. तरी चेहरे सैल झालेले दिसायचे.

हे मागच्या वर्षी आठवलं, कारण माझा जबडा दुखत होता. डेंटिस्ट म्हणाले, झोपेत दात खाता. पहाटे तीनला जाग येणं, ऑफिसच्या चॅटचा नसलेला आवाज ऐकू येणं, आईवर उगाच खेकसणं हे आधीपासून होतंच. मी त्याला ‘रिलीज जवळ आलीये’ म्हणायचो. रिलीज होऊन गेली, दात खाणं चालूच राहिलं.

त्या जागरणांत मी गिरण्यांचा इतिहास वाचायला लागलो. १९८२च्या संपानंतर मुंबईचं बरंच कापडाचं काम भिवंडीकडे सरकलं, त्यामुळे हा आमच्या गल्लीचाही इतिहास आहे.

सुरुवातीच्या गिरण्या सूर्यावर चालायच्या. उजाडलं की सुरू, मावळलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठं. १८८१चा फॅक्टरी कायदा फक्त मुलांचे तास ठरवत होता. मोठ्या माणसाला मर्यादाच नव्हती. १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार वेळेवर, जखमी झाल्यास भरपाई. १८९०च्या एप्रिलमधल्या सभेला दहा हजार लोक आले आणि दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९०ला मालकांनी रविवार मान्य केला. आपल्या वीकेंडमधला एक दिवस तिथून आलाय. (शनिवार कुठून आला ते वाचायचं राहिलंय.)

मग वीज आली. १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दिवे लागले आणि काम चौदा-पंधरा तासांवर गेलं. सूर्यास्ताची मर्यादा एका बटणाने गेली. मला वाटतं, आपल्या हातात लॅपटॉप आला तेव्हा नेमकं हेच झालं.

कामगारांनी यावर आपला उपाय काढला होता. मशीन शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून ते आवारात जायचे, जेवायचे, विडी ओढायचे, हातपाय धुवायचे. मालक त्याला कामचुकारपणा म्हणायचे. पण माणूस पंधरा तास सलग ताण घेऊ शकत नाही. शरीर आपला वाटा काढून घेतं. उघड मिळाला नाही तर चोरून. मी पंधरा मिनिटं बाथरूममध्ये रील्स बघत बसतो, ते वेगळं काय आहे?

१९०८च्या कमिशनमध्ये डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमत नोंदवलं: मोठ्या पुरुषांच्या तासांनाही कायद्याने मर्यादा हवी. १९११च्या कायद्यात कापड गिरण्यांसाठी ती आली, बारा तासांची. १९४८च्या कायद्यात ती नऊ तासांची होती. आमच्या मागच्या कारखान्यात पाळी आजही बाराचीच आहे, हे लिहितानाही खटखट ऐकू येतेय.

इतकं वाचून मी टीम लीडला सांगितलं, रात्री नऊनंतर फोन उचलणार नाही. तो म्हणाला, प्रॉडक्शन बंद पडलं तर? मी म्हटलं, पाळ्या लावू या. महिनाभर टाळाटाळ झाली, मग लागल्या. आठवड्यातल्या दोन रात्री माझ्या. त्या दोन रात्री अजूनही तीनला जाग येते. बाकीच्या रात्री जेवून तलावावर जातो. परत येतो तेव्हा कारखान्यात रातपाळीवाले कांड्या बदलत असतात.