सामायिक साठवण आणि पाठाचा प्रश्न

मराठीत ‘प्रत’ हा शब्द हस्तलिखिताच्या संदर्भात एक अर्थ देतो आणि छापील ग्रंथाच्या संदर्भात दुसराच. हस्तलिखिताची एक प्रत दुसरीपासून कोठे ना कोठे भिन्न असणारच, हे गृहीत धरून पाठचिकित्सा उभी राहते. उलट एका आवृत्तीच्या हजार प्रती एकरूप असतात, या विश्वासावर ग्रंथव्यवहार चालतो. विद्यापीठातील एखाद्या विभागाच्या सामायिक संगणक-साठ्यातील फाईल यांपैकी कोणत्या अर्थाने प्रत मानावी? ती एकच असते, पण एकाच वेळी दहा जणांसमोर उघडी असू शकते. साठा अपुरा पडला की तो नव्या यंत्रांवर हलवला जातो आणि हे काम तंत्रज्ञांचे समजून सोडून दिले जाते. वास्तविक अशा प्रत्येक स्थलांतरात ‘तोच पाठ’ म्हणजे काय, याविषयीचा एक निर्णय अनुस्यूत असतो. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या निर्णयाची दखल क्वचितच घेतली आहे.

या प्रश्नाचा प्रारंभ पाहावयाचा तर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाकडे वळावे लागते. १९८२ साली तेथे आयबीएमच्या सहकार्याने माहिती-तंत्रज्ञानाचे एक केंद्र स्थापन झाले. कार्नेगी आणि मेलन या दोघांचेही पहिले नाव अँड्र्यू, म्हणून प्रकल्पाचे नावही अँड्र्यू. कोणीही कोणत्याही यंत्रापुढे बसले तरी त्याला स्वतःच्याच फायली दिसाव्यात, आणि अशी यंत्रे पाच ते दहा हजारांपर्यंत वाढली तरी व्यवस्था कोलमडू नये, ही त्यामागील महत्त्वाकांक्षा होती. वापरणाऱ्यासमोरच्या यंत्राला त्यांनी ‘व्हर्च्यू’, म्हणजे सद्गुण, असे नाव दिले आणि साठा सांभाळणाऱ्या सर्व्हरांच्या समूहाला ‘व्हाइस’, म्हणजे दुर्गुण. नीतिनाट्यातील पात्रे शोभावीत अशी ही नावे संगणकशास्त्रज्ञांना सुचली, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

पहिली रचना सुमारे शंभर यंत्रे, सहा सर्व्हर आणि चारशे वापरकर्ते यांच्यावर चालवून पाहण्यात आली आणि तिच्यातील दोष लवकरच उघडे पडले. फाईल उघडली की तिची नक्कल जवळच्या यंत्रावर येत असे. पण पुढच्या वेळी तीच फाईल उघडताना ‘माझ्याजवळची प्रत अजून ग्राह्य आहे काय?’ असे यंत्र सर्व्हरला पुन्हा विचारी. या पृच्छांच्या भारानेच सर्व्हर थकून जात. शिवाय कोणाच्या फायली कोठे आहेत याची माहिती साठ्याच्या रचनेतच गुंफलेली असल्यामुळे एका सर्व्हरवरचे काही उचलून दुसऱ्यावर नेणे जिकिरीचे होते. सुधारित रचनेत हा क्रम उलटा करण्यात आला. मूळ फाईल बदलली तर आपण होऊन कळवण्याचे वचन सर्व्हरने द्यावयाचे आणि तोपर्यंत जवळची प्रत प्रमाण मानावयाची. फायलींचे स्वतंत्र संच कल्पिले गेले, त्यामुळे असा संच वापरात असतानाही दुसरीकडे हलवता येऊ लागला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या बदलांची मोजमापांसह चर्चा आली, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी ही व्यवस्था स्वीकारली.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र वेगळाच आहे. दोन अभ्यासकांनी एकच फाईल एकाच वेळी उघडून तिच्यात बदल केले, तर जो ती शेवटी बंद करील त्याचा पाठ टिकतो. आधी बंद करणाऱ्याचे काम पुसले जाते, आणि पुसले गेल्याची खूणही पाठात उरत नाही. रचनाकारांना हे ठाऊक होते. विद्यापीठातील माणूस बहुधा आपल्याच फायलींवर काम करतो, लिहिण्यापेक्षा वाचतो अधिक, आणि एकाच फाईलवर दोघांनी लिहिण्याचा प्रसंग विरळा, असे निरीक्षण त्यांनी पायाशी धरले होते. हे निरीक्षण खोटे नव्हे. पण एकत्र संपादन करणाऱ्या विभागाला ते लागू पडत नाही, आणि कोशकार्य व चिकित्सक आवृत्ती ही कामे तर स्वभावतःच अनेक हातांची असतात.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे उदाहरण येथे आठवते. १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले हे काम नेमक्या उलट तत्त्वावर उभे होते. एकेक श्लोक घ्यावयाचा, प्रत्येक पोथीतील त्याचे पाठभेद तक्त्यावर उतरवावयाचे, आणि निवडलेल्या पाठाबरोबर नाकारलेले पाठही तळाशी छापावयाचे, अशी ती पद्धती. अखेरची प्रत प्रमाण ही कल्पनाच तीत संभवत नाही. उत्तरकालीन प्रतीकडे तर संशोधक संशयानेच पाहतो. सुकथनकरांनी मूळ व्यासरचना हाती लागल्याचा दावा केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे पोहोचता येईल तेवढे प्राचीन रूप, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नाकारलेले जपून ठेवण्याची ही वृत्ती अँड्र्यूच्या सुधारित रचनेत अगदीच नव्हती असे नाही. वापरकर्त्याच्या संचाची एक गोठवलेली, केवळ वाचण्याजोगी प्रत तीत त्याच्यापुढे असे. पण तिचा पल्ला एका दिवसाचा. त्यापूर्वीचे हवे तर ते दूर ठेवलेल्या साठ्यातून मागवावे लागे.

याच चिकित्सक आवृत्तीचा पाठ पुढे क्योतो विद्यापीठातील मुनेओ टोकुनागा यांनी संगणकावर आणला. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. टोकुनागांनी साध्या रोमन अक्षरांची, हार्वर्ड-क्योतो नावाने ओळखली जाणारी लेखनपद्धती वापरली आणि प्रत्येक ओळीपुढे पर्व, अध्याय व श्लोक यांचे क्रमांक घातले. दिसावयास ती ओबडधोबड आहे. परंतु कोणत्याही यंत्रावर नेली तरी ती बिघडत नाही. याउलट १९९०च्या दशकात महाराष्ट्रात जे मराठी मजकूर सुबक टंकांत जुळवले गेले, त्यांची गत पाहावी. देवनागरीसाठी भारतीय मानक १९८८ व १९९१ साली निश्चित झाले होते, युनिकोडमध्येही देवनागरी १९९१ सालीच आली. तरी टंक विकणाऱ्या प्रत्येकाची मांडणी निराळी राहिली. एकातील ‘क’चा अंक दुसऱ्यात वेलांटीचा. असा साठा नव्या सर्व्हरवर नेताना अंकन्अंक जसाच्या तसा जातो आणि तंत्रज्ञाच्या लेखी स्थलांतर निर्दोष ठरते. टंक हाताशी नसलेल्या वाचकापुढे मात्र एकही अक्षर येत नाही. प्रत अभंग राहूनही पाठ हरवतो, हा प्रकार पोथ्यांच्या इतिहासाला अपरिचित होता. वाळवीने खाल्लेल्या पानावर निदान उरलेले वाचता येते.

नूतनीकरणातून उद्भवणारा दुसरा धोका डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठातच दिसून आला. टोकुनागांच्या कामाशी त्याचा संबंध नाही. हा साठा महासंगणकाचा होता. राखीव प्रती करणाऱ्या व्यवस्थेत जुन्या नोंदी काढून टाकणारी एक छोटी आज्ञावली होती. पुरवठादार कंपनीने तीत बदल केला, तोही चलांची नावे अधिक वाचनीय व्हावीत म्हणून. जुनी आज्ञावली चालू असतानाच नवी तिच्या जागी ठेवली गेली. अशी आज्ञावली यंत्र एकदम वाचत नाही. पुढेपुढे वाचत, करत जाते. परिणामी पूर्वार्ध जुन्या पाठाचा आणि उत्तरार्ध नव्याचा असा वाचला गेला. उत्तरार्धातील नावाला पूर्वार्धात अर्थच दिलेला नव्हता, आणि नोंदींऐवजी संशोधकांच्या फायलीच पुसल्या जाऊ लागल्या. १४ ते १६ डिसेंबर या काळात सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. चौदा संशोधनगटांना त्याची झळ पोहोचली. त्यांपैकी चार गटांच्या फायली परत मिळवणे शक्य झाले नाही. जबाबदारी सर्वस्वी आपली असल्याचे कंपनीने मान्य केले.

तंत्रज्ञांच्या भाषेत ही आज्ञावलीतील चूक. पोथ्यांच्या अभ्यासकाला मात्र हा प्रकार चांगल्या परिचयाचा आहे. लेखनिक एका आदर्शप्रतीवरून नकलू लागतो, मध्येच दुसरी प्रत पुढ्यात येते, आणि तयार होतो तो दोन परंपरांचा मिश्रपाठ. महाभारताच्या संपादकांना अशा संकराने पदोपदी गुंतवून ठेवले. फरक इतकाच, की तेथे संकराने श्लोक वाढत. या घटनेनंतर विद्यापीठाने जे उपाय जाहीर केले, त्यांत साठ्याचे केवळ प्रतिबिंब न ठेवता होत गेलेले बदल क्रमाने, काही काळपर्यंत जपून ठेवण्याची तरतूद होती.