पेला मोजणारा कायदा

परवाना असलेल्या दारूच्या दुकानाला किंवा बारला काही नियम पाळावे लागतात. अमुक वयाखालच्या व्यक्तीला विकायचे नाही. अमुक वेळेनंतर विकायचे नाही. मापात कमी द्यायचे नाही, भेसळ करायची नाही. आधीच झिंगलेल्या गिऱ्हाइकाला आणखी द्यायचे नाही, असाही नियम बऱ्याच देशांत आहे. हे नियम आपल्याला इतके सरळ वाटतात की ते कोणी केले, का केले आणि कशाच्या आधारावर केले, असा प्रश्न सहसा पडत नाही.

थोडा विचार केला तर लक्षात येते की यातल्या प्रत्येक नियमाच्या पोटात एक मोजमाप दडलेले आहे. वय किती? दारू कडक म्हणजे किती कडक? झिंगलेला म्हणजे किती झिंगलेला? हे मोजता येत नाही तोवर नियम कागदावर असतो. पण तो पाळला की मोडला, हे सांगता येत नाही. इंग्लंडच्या चारशे वर्षांच्या इतिहासात हे फार चांगले पाहायला मिळते. आपल्याकडचा १८७८ चा मुंबई अबकारी कायदा इंग्रजी अमलातच झाला. त्यामुळे हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही.

मापात पाप

विकणाऱ्यावर जबाबदारी टाकण्याची कल्पना मात्र इंग्लंडहून पुष्कळ जुनी आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या बाबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत मद्यगृह चालवणाऱ्या बाईसाठी कलमे आहेत. धान्याच्या किमतीच्या मानाने मद्याचे माप कमी दिले, तर तिला पाण्यात फेकून द्यावे, असे त्यांतले एक कलम सांगते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मद्यगृहात वेगवेगळ्या खोल्या, आसने, गंध, माळा आणि पाणी असावे, असे तेथे म्हटले आहे. दुकानाबाहेर मद्य न्यायचे, तर ते चांगल्या चालीच्या माहितीतल्या माणसालाच आणि पाव कुडुबापासून एक प्रस्थापर्यंत ठरलेल्या मापानेच न्यायला मिळे. नशेत असलेल्या गिऱ्हाइकाची वस्तू दुकानात हरवली, तर दुकानदाराने ती भरून द्यायची आणि तेवढाच दंडही भरायचा! आजच्या भाषेत ही विक्रेत्याची जबाबदारीच झाली.

जिनचा पूर

इंग्लंडमध्ये १५५२ साली कायदा झाला, की बिअरचा गुत्ता चालवायचा तर दोन न्यायाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि दुकानात शिस्त राहील अशी हमी लिहून द्यायला हवी. परवाना पद्धतीचा पाया येथे घातला गेला. हा नियम बिअरपुरता बरा चालला. बिअरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण थोडे असते. पोट भरते, पण झिंग हळू चढते.

पुढे १६९० मध्ये सरकारने देशी धान्यापासून ऊर्ध्वपातनाने दारू गाळण्याला उत्तेजन दिले आणि चित्र पालटले. ऊर्ध्वपातनात अल्कोहोलची वाफ पाण्याच्या मानाने आधी आणि जास्त निघते, म्हणून गाळलेली दारू बिअरच्या कित्येक पट कडक होते. पेला तोच, पण परिणाम वेगळा. जुनिपरच्या फळांचा वास दिलेली 'जिन' लंडनच्या गरीब वस्त्यांत तळघरांतून, हातगाड्यांवरून, किराणा दुकानांतून विकली जाऊ लागली.

घाबरलेल्या संसदेने १७३६ मध्ये जालीम उपाय केला. दोन गॅलनपेक्षा कमी मद्य विकायचे तर वर्षाला ५० पौंड भरून परवाना घ्यायचा, शिवाय गॅलनमागे २० शिलिंग कर. गल्लीतल्या विक्रेत्याने ही रक्कम कधी पाहिलीही नसेल. परिणाम व्हायचा तोच झाला. परवाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले आणि विक्री लपून चालू राहिली. चोरटी विक्री पकडून देणाऱ्यांना बक्षीस होते, पण अशा खबऱ्यांना जमाव रस्त्यात गाठून मारू लागला. डडली ब्रॅडस्ट्रीट नावाच्या गृहस्थाने तर एका घराच्या खिडकीत लाकडी मांजर बसवले. मांजराच्या तोंडात नाणे टाकून जिन मागायची. पंजाखालच्या शिशाच्या नळीतून ती बाहेर येई. विकणारा कोण हे दिसतच नसे, मग पकडणार कोणाला? त्याने ही हकिगत पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

१७४३ मध्ये इंग्लंडमध्ये गाळलेल्या दारूचा खप सुमारे ८० लाख गॅलनांवर गेला. त्याच वर्षी सरकारने १७३६ चा कायदा मागे घेतला आणि परवान्याचे शुल्क खाली आणले. पुढचा, १७५१ चा कायदा अधिक शहाणपणाचा होता. ठरावीक भाड्याची पक्की जागा असलेल्यालाच परवाना, दारू गाळणाऱ्याला किरकोळ विक्रीची बंदी, आणि उधारीवर विकलेल्या थोड्याथोडक्या दारूचे पैसे कोर्टातून वसूल करता येणार नाहीत, अशा त्याच्या तरतुदी होत्या. उधारी बुडणार म्हटल्यावर विक्रेताच हात आखडता घेतो. दहा वर्षांत खप निम्म्याहून खाली आला. अर्थात श्रेय एकट्या कायद्याला देता येत नाही. १७५७ नंतर पिके बुडाल्याने काही काळ धान्यापासून दारू गाळण्यावरच बंदी होती.

दारूवर दारू

आता दुसरा प्रश्न. कर कडकपणावर बसवायचा, तर कडकपणा मोजायचा कसा? जुनी पद्धत मोठी गमतीची होती. थोड्या बंदुकीच्या दारूवर तपासायचे मद्य ओतायचे आणि पेटवायचे. (मराठीत दोन्हींना दारूच म्हणतात, हा योगायोग येथे चांगला जमतो.) मद्य जळून गेल्यावर बंदुकीची दारू भडकली, तर मद्य कडक, ओली होऊन विझली, तर त्यात पाणी जास्त. या कसोटीला उतरलेल्या मद्याला 'प्रूफ' म्हणत. पण किती मद्य ओतले, पूड किती बारीक होती, यावर निकाल बदले. व्यापारी आणि कर अधिकारी यांच्यात भांडणे ठरलेली.

खरा उपाय भौतिकशास्त्राने दिला. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून कडक मद्यात तरंगकाटा जास्त बुडतो. तत्त्व सोपे, पण त्यात दोन अडचणी होत्या. पहिली, तापमान वाढले की द्रव प्रसरण पावतो आणि घनता बदलते. दुसरी अधिक मजेदार: ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळले, तर १०० मिलिलिटर होत नाही, सुमारे ९६-९७ मिलिलिटरच भरते. दोन्ही प्रकारचे रेणू एकमेकांत अधिक दाटीने बसतात. त्यामुळे साध्या त्रैराशिकाने प्रमाण काढता येत नाही; प्रत्यक्ष मोजूनच तक्ते करावे लागतात. सरकारच्या विनंतीवरून रॉयल सोसायटीचे चार्ल्स ब्लॅग्डेन आणि जॉर्ज गिल्पिन यांनी हे काम चिकाटीने केले. ते १७९० च्या दशकात प्रसिद्ध झाले.

त्यानंतर १८१६ च्या कायद्याने बार्थोलोम्यू साइक्स याचा पितळी तरंगकाटा आणि त्याची नऊ वजने अधिकृत ठरली. ५१ अंश फॅरनहाइटला ज्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या शुद्ध पाण्याच्या १२/१३ भरते, ते 'प्रूफ' मद्य, अशी व्याख्या झाली. आकारमानाने त्यात सुमारे ५७ टक्के अल्कोहोल असते. आपल्याकडच्या अबकारी दप्तरांत 'प्रूफ लिटर' हा शब्द आला तो याच परंपरेतून.

काकमारी आणि मीठ

१८३० मध्ये सरकारने उलटी दिशा धरली. लोक जिनकडून बिअरकडे वळावेत म्हणून, दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला न्यायाधिकाऱ्यांना न विचारता बिअर विकायची मुभा दिली. वर्षभरात २४ हजारांहून अधिक नवी दुकाने उघडली. इतक्या दुकानांवर लक्ष ठेवणे शक्य नव्हते. स्पर्धा वाढली तशी भेसळही वाढली. बिअरमध्ये पाणी घालायचे, मग ती बेचव आणि मवाळ लागू नये म्हणून आणखी काही मिसळायचे. त्यात भारतातून जाणारे एक फळही होते. ते म्हणजे काकमारी, जिचा आपल्याकडे मासे गुंगवायला उपयोग करीत. तिच्यातले पिक्रोटॉक्सिन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष आहे. रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक अॅक्युम याने १८२० मध्येच भेसळीवरच्या आपल्या पुस्तकात या प्रकाराकडे लक्ष वेधले होते.

१८७२ च्या परवाना कायद्याने यावर बोट ठेवले. बिअरमध्ये घालायला बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत काकमारी, अफू, तंबाखू, हिराकस, तुरटी आणि साधे मीठही होते. मीठ का? ग्राहकाची तहान वाढते म्हणून! याच कायद्याने १६ वर्षांखालील मुलांना कडक दारू विकण्यास बंदी केली. दुकानात दारूबाजी चालू देणाऱ्या किंवा झिंगलेल्या माणसाला आणखी दारू विकणाऱ्या परवानाधारकाला दंड ठरवला. मुलांसाठीचे नियम पुढे टप्प्याटप्प्याने कडक झाले. घरच्यांसाठी भांडे घेऊन बिअर आणायला मुलांना पाठवण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. १९०१ मध्ये १४ वर्षांखालील मुलाच्या हाती फक्त बूच लावून मोहोरबंद केलेली बाटलीच द्यावी, असे ठरले. १९२३ मध्ये बारमधल्या विक्रीसाठी १८ वर्षांची अट आली.

नफ्याची ओढ काढून टाकली तर?

सर्व नियमांत एक मूळ अडचण राहतेच. विक्रेत्याचा नफा जास्त विक्रीत असतो आणि कायदा त्याला कमी विकायला सांगतो. पहिल्या महायुद्धात यावर एक मोठा प्रयोग झाला. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना येथे स्फोटकांचा प्रचंड कारखाना उभा राहिला होता. सुट्टीच्या संध्याकाळी त्याचे कामगार जवळच्या कार्लाइल शहरात लोटत. १९१६ मध्ये सरकारने तिथल्या दारूभट्ट्या आणि दुकानेच विकत घेतली. व्यवस्थापकाला पगार ठरलेला. कमिशन मिळे ते खाद्यपदार्थ आणि बिनदारूच्या पेयांवर. ही व्यवस्था १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकली.

युद्धकाळात देशभर विक्रीचे तास कमी झाले, कर वाढला, बिअर सौम्य झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूबाजीबद्दल झालेल्या शिक्षा १९१४ मध्ये सुमारे १ लाख ८४ हजार होत्या, त्या १९१८ मध्ये सुमारे २९ हजारांवर आल्या. कोणी म्हणेल, पुरुष आघाडीवर गेले होते म्हणून हे घडले. पण स्त्रियांना झालेल्या शिक्षाही मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. म्हणजे आघाडीचे कारण पुरेसे नाही. मग तास, किंमत, सौम्य बिअर यांपैकी कशाचा वाटा किती? सर्व बदल एकदमच झाले असल्याने ते वेगळे काढणे कठीण आहे. आकडेवारी वाचायला शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडेल.

झिंगलेला म्हणजे किती?

युद्धानेच तिसऱ्या प्रश्नालाही चालना दिली. मुडदूस आणि ड जीवनसत्त्व यांवरील कामासाठी पुढे प्रसिद्ध झालेले एडवर्ड मेलन्बी यांनी १९१९ मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आधी दूध पाजले, तर रक्तात अल्कोहोल हळू चढते, असे त्यांना दिसले. एकदा चढल्यावर मात्र ते जवळजवळ ठरलेल्या वेगानेच उतरते. माणसाच्या बाबतीत हा वेग साधारणपणे तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम असतो. कॉफी किंवा थंड पाणी यांनी तो वाढत नाही.

रक्तातले अल्कोहोल फुफ्फुसात श्वासाच्या हवेत उतरते आणि त्या दोन्हींचे प्रमाण ठरावीक असते. याचा उपयोग करून अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये श्वास तपासणारे यंत्र बनवले. त्यात पिवळ्या पोटॅशियम डायक्रोमेटचे अल्कोहोलमुळे क्षपण होते आणि रंग बदलतो. ब्रिटनने १९६७ मध्ये वाहनचालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. रस्त्यावरच्या तपासणीसाठी फुगा जोडलेली काचेची नळी आली; चालक प्यायलेला असेल, तर तिच्यातले पिवळे स्फटिक हिरवे होत. पहिल्या वर्षी अपघाती मृत्यू घटले. मग तपासणी क्वचितच होते हे लोकांना कळले आणि परिणाम ओसरू लागला. आपल्या मोटार वाहन कायद्यात ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

चालकासाठी असा आकडा मिळाला. विक्रेत्याचे काय? ब्रिटनच्या २००३ च्या परवाना कायद्यातही झिंगलेल्या माणसाला दारू विकणे हा गुन्हाच आहे. पण झिंगलेला कोण, हे अजून काउंटरमागच्या माणसाने डोळ्यांनी ठरवायचे असते. २०१० मध्ये तिथे आणखी एक अट आली: बारमध्ये मागेल त्याला पिण्याचे पाणी फुकट द्यायचे. सुराध्यक्षाच्या यादीतही पाणी होतेच!

वर्गात हा विषय उपदेशाकडे न नेता मोजमापाकडे नेता येईल. शीतपेयाच्या नळीच्या तळाशी शाडू लावून तरंगकाटा करा आणि साध्या व मिठाच्या पाण्यात तो किती बुडतो ते पाहा. मेलन्बींच्या नियमावरून एक गणित घाला: रात्री बारा वाजता रक्तात १२० मिलिग्रॅम असलेला माणूस आपल्या कायद्याप्रमाणे किती वाजता गाडी चालवू शकेल? उत्तर सकाळी सहा येते; शाळेची पहिली बस रस्त्यावर येते ती साधारण त्याच सुमाराला. मग विद्यार्थ्यांनाच विचारा: त्याला शेवटचा पेला देणाऱ्याने तो देताना काय पाहायला हवे होते?