हेलियम आणि न दिसलेला स्तंभ

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे आपण नेहमी ऐकतो. नोंदी मात्र वेगळे सांगतात. त्या ग्रहणात जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉकियर यांनी तो इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबरला पाहिला. त्यातील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ होती, पण सोडियमची नव्हती. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

दरम्यान, १८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांची आवर्तसारणी प्रसिद्ध झाली होती. अज्ञात मूलद्रव्यांसाठी त्यांनी जागा रिकाम्या सोडल्या. हेलियमसाठी मात्र जागा नव्हती. १८९४ मध्ये हवेत आरगॉन सापडला, १८९५ मध्ये रॅम्से यांना युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळाला. दोन्ही वायू कशाशीच संयोग पावेनात. आरगॉन म्हणजे नायट्रोजनच्या तीन अणूंचा रेणू असावा, अशी शंका मेंडेलीव्ह यांनी घेतली. १८९८ मध्ये क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन मिळाले आणि शंकेला जागा उरली नाही. या कुटुंबाला ‘शून्य गण’ मिळाला. आज तो अठरावा गण आहे.

सारणीत एक घर रिकामे असले की शेजाऱ्यांवरून कळते. अख्खा स्तंभच नसेल तर? वर्गात अठरावा गण कागदाने झाकून पाहू. फ्लोरिननंतर सोडियम, क्लोरिननंतर पोटॅशियम. गुणधर्मांची आवर्तने तशीच राहतात. उणीव कुठेच दिसत नाही. ती दाखवायला सारणी पुरली नाही, प्रयोगच करावे लागले.