लाकूड मातीत टेकू नये

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याच्या दारात लाकडी पायऱ्या सहसा दिसत नाहीत. औसा, उदगीर, कंधारच्या जुन्या वस्तीत रस्त्यावरून ओट्यावर चढवणाऱ्या पायऱ्या असतात काळ्या दगडाच्या. ढेलज ओलांडली की मात्र लाकडाचे राज्य सुरू होते: खांब, तुळया, कडीपाट, माळवदावर जाणारा जिना. दगड गावच्या खाणीतला, लाकूड विकतचे, म्हणून हा फरक ऐपतीचा, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरधन्याने खांबांवर नक्षी कोरून घेतली, त्याला तीन पायऱ्यांपुरते सागवान जड नव्हते. शिवाय किनवट-माहूरचे सागाचे जंगल नांदेडच्याच हद्दीत. हा फरक पैशाचा नसून जाणकारीचा आहे. लाकूड मातीत टेकू द्यायचे नाही, हा नियम इथल्या सुतार-गवंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

या नियमाचा पुरावा घरातच सापडतो. खांब कधी थेट जमिनीत रोवत नसत. खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यात खोलगट खाच, आणि खांबाच्या टोकाला काढलेला कुसू त्या खाचेत बसवलेला. जिन्याचेही तसेच. पायऱ्यांच्या फळ्या दोन्ही बाजूंच्या जाड फळ्यांत खाचा पाडून बसवलेल्या, पण अनेक वाड्यांत तळाची पहिली पायरी दगडाची. लाकूड सुरू होते ते दुसऱ्या पायरीपासून.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा मुलूख कोरडा. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा ठिकाणी लाकूड कुजणार कसे? पण लाकडाचा शत्रू केवळ पाऊस नाही. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर चढते, आणि कोरड्या दिवसांतही तिचे काम थांबत नाही. त्यात इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेली पायरी आधी हलते, मग सांध्यात सुटते. जोत्याला धरून बसवलेला जड दगड हे सगळे पुष्कळ अधिक सोसतो.

दुसरा आक्षेप मोठा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माळवदाच्या घरांनीच हजारो माणसांचा जीव घेतला; मग त्या कारागिरीचे गुण कशाला गायचे? घरे पडली आणि माणसे गाडली गेली, हे सत्य आहे. पण ती पडली का, हे नीट पाहिले पाहिजे. मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या जाड भिंती, त्यांचे आतले-बाहेरचे पदर सांधणारा आरपार दगड नाही, आणि वर दरवर्षी थर चढवत गेल्याने दोन-दोन फुटांवर गेलेली माती. भूकंपानंतरच्या पाहणीत भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिलेली घरे अभियंत्यांना आढळली. दोष होता भिंतीच्या रचनेचा आणि छपरावरच्या ओझ्याचा. तरी पुढे ५२ गावांचे पुनर्वसन झाले, काँक्रीट आले, आणि सुताराचे काम दारे-खिडक्यांपुरते उरले. त्याच्याबरोबर तळखड्याचे शहाणपणही मागे पडले.

आज लातूर-नांदेडच्या नव्या बंगल्यांत मागच्या अंगणाकडे लाकडी ओटा आणि त्याला लाकडी पायऱ्या करून घेण्याची हौस कुणाला असेल, तर ती जरूर पुरवावी. पण पायऱ्यांचे पाय मातीत पुरू नयेत, फरशीच्या फटीत पाणी साचेल असेही ठेवू नयेत. तळाला एक दगडी पायरी घालावी, खांबांखाली तळखडा द्यावा, आणि लाकडाखालून वारा खेळेल इतकी जागा सोडावी. वाळवी चढली तर ती नजरेला पडावी, एवढी तरी ती जागा मोकळी असावी. हे सगळे नवे शिकण्याची गरज नाही. गावातला एखादा जुना वाडा उभा असेल तर सुताराला बरोबर घेऊन तो एकदा बघून यावा.